करंगळीचा उंचवटा बसला, आता मूठ वाकडीच राहणार का?

पत्र थोडक्यात: वय २६. चाकणच्या एका कारखान्यात फिटर आहे, मित्रांसोबत खोली करून राहतो. आठ दिवसांपूर्वी गावच्या जमिनीच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी फोनवर भांडण झालं आणि रागाच्या भरात या तरुणाने लोखंडी कपाटावर उजव्या हाताचा ठोसा मारला. करंगळीच्या खालचं, तळहातातलं हाड मोडलं. दवाखान्यात आणि घरी मात्र 'गाडीवरून घसरलो' असं सांगितलं. पहिल्या डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं आणि तीन-चार आठवड्यांत जुळेल म्हणाले. मित्राच्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तोच एक्स-रे बघून 'हाड वाकलंय, तार टाकावी लागेल' असं सांगितलं. आई म्हणते, गावी ये, हाडवैद्य बसवून देईल. पाच आठवड्यांनी यात्रेत कबड्डीचे सामने आहेत. तो लिहितो: 'ताई, प्लास्टर घालायच्या आधी मूठ वळून बघितली तर करंगळीचा उंचवटा नव्हताच. वरून जरासं खरचटलंही होतं. प्लास्टर स्वस्तातलं म्हणून घातलं का? चूक माझीच आहे, त्यामुळे घरी पैसेही मागता येत नाहीत. हात पहिल्यासारखा होईल ना?'

तुझं पत्र डाव्या हाताने टाइप केलेलं आहे हे वाचताना कळत होतं. जोडाक्षरं सुटलीत, काही ओळी मध्येच तुटल्यात. दुखत असताना एवढं सविस्तर लिहिलंस, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. मी सर्जन नाही. हाताला व्यायाम देणारी थेरपिस्ट आहे, माझं काम बहुतेक वेळा प्लास्टर निघाल्यावर सुरू होतं. तार की प्लास्टर, हा निकाल हात समोर बघितल्याशिवाय कुणीच देऊ नये आणि मीही देणार नाही. पण ते दोन डॉक्टर तुझ्या एक्स-रेत काय बघत होते, हे तुला नीट समजलं तर त्यांना काय विचारायचं तेही समजेल.

डाव्या हाताची मूठ वळ. लहानपणी मुठीवर महिने मोजायला शिकवलं असेल: उंचवट्यावर ३१ दिवसांचा, खळग्यात त्याहून कमी दिवसांचा. तर्जनीपासून निघालास की करंगळीच्या उंचवट्यावर जुलै येतो. हे उंचवटे बोटांचे आहेत असं वाटतं, पण ती तळहातातल्या लांब हाडांची डोकी आहेत. उंचवट्यापासून मनगटाकडे बोट फिरवलंस तर हाताच्या पाठीवर ते हाड सरळ लागत जातं. अशी पाच हाडं, प्रत्येक बोटाला एक. एका हातात एकूण २७ हाडं असतात: मनगटात ८, बोटांत १४ आणि मध्ये ही ५. पुस्तकी मराठीत यांना करभास्थी म्हणतात. संस्कृतात मनगटापासून करंगळीपर्यंतच्या हाताच्या बाहेरच्या कडेला 'करभ' म्हणतात, म्हणजे नेमकी तुझी मोडलेली जागा. प्रत्येक हाडाला मनगटाकडे बूड, मध्ये दांडा, मग मान आणि शेवटी डोकं. तुझी मोडली ती मान असावी. मान मोडली की हाडांमधल्या फटीतले बारीक स्नायू डोक्याला तळहाताच्या बाजूला ओढतात. म्हणून उंचवटा खाली गेला आणि हाताच्या पाठीवर कोन वर आला. तो उंचवटा कुठे हरवलेला नाही, पुढे झुकलाय.

आता एवढं कर. डावी मूठ आधी सैल वळ, मग उंचवट्यांवर नजर ठेवून करकचून आवळ. तर्जनी आणि मधल्या बोटाचे उंचवटे जागचे हलणार नाहीत. अनामिकेचा थोडा आणि करंगळीचा चांगला पुढे झुकेल. पहिल्या दोघांची बुडं मनगटाशी जवळजवळ खिळलेली असतात, खांब रोवावा तशी. शेवटची दोन हाडं बुडाशी हलती असतात: अनामिकेचं १० ते १५ अंश, करंगळीचं २० ते ३० अंश. हातोड्याचा दांडा धरताना तळहाताचा जो द्रोण होतो, तो या हलतेपणामुळेच होतो. तुझ्यासारख्या मोडीला इंग्रजीत बॉक्सरच्या नावाने ओळखतात. पण शिकलेला बॉक्सर खिळलेल्या हाडांनी, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांनी ठोसा मारतो. करंगळीवर मार बसतो तो रागात हात फिरवणाऱ्याच्या.

याच हलतेपणामुळे करंगळीचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी हात ते सांभाळून घेतो. मानेची मोड तर्जनीत १०–१५ अंश वाकली तरी डॉक्टर अस्वस्थ होतात, मधल्या बोटात २० च्या आसपास, अनामिकेत ३०, आणि करंगळीत मात्र ४० ते ५० अंशांपर्यंत बरेच जण तशीच जुळू देतात. काही सर्जन त्याहून जास्तही चालवून घेतात. म्हणजे तुझ्या दोन डॉक्टरांपैकी एक चुकलाच पाहिजे असं नाही. एक्स-रेत ४५ अंशांचा कोन असेल तर एक जण म्हणेल राहू दे, दुसरा म्हणेल हा फिटर आहे, दिवसभर पाना धरतो, डोकं तळहातात गोटीसारखं टोचेल. दोघांचंही म्हणणं धरून आहे. त्यामुळे 'तार टाकू की नको' असं विचारण्याआधी विचार: कोन किती अंश आहे, आणि तो बाजूने घेतलेल्या एक्स-रेवर मोजलाय का? समोरून काढलेल्या फोटोत हा झुकाव धड दिसत नाही.

अंशांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट बोटाचा पीळ आहे. हाड पुढे झुकलं तर चालतं, स्वतःभोवती फिरलं तर नाही. बोटं दुमडताना चारही टोकं अंगठ्याच्या बुडाकडे, मनगटाच्या एकाच जागेकडे वळायला हवीत. मोडलेला दांडा ५ अंश जरी पिळला गेला तरी मूठ वळताना बोटाचं टोक सुमारे दीड सेंटिमीटर सरकतं. मग करंगळी अनामिकेच्या खाली शिरते किंवा तिच्यावर चढते. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये झुकाव काही प्रमाणात आपोआप सुधारतो, पीळ मात्र सहसा सुधारत नाही. प्लास्टर घालायच्या आधी मूठ वळून बघितलीस ना? आठव, तेव्हा करंगळी शेजारच्या बोटावर चढली होती का? आठवत नसेल तर प्लास्टर स्वतः सोडू नकोस. डॉक्टर सोडतील तेव्हा त्यांच्यासमोर जमेल तेवढी बोटं दुमड, समोरून नखांची रांग बघ आणि दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. पीळ असेल तर तार किंवा प्लेटचा सल्ला मान्य करण्यात काही वावगं नाही. बोट सरळ करताना करंगळी उंचवट्याशी मागे जाऊन मधल्या सांध्यात नखीसारखी वाकत असेल, तरीही हाड बसवून घेण्याचा विचार करावा लागतो.

यातलं काहीच नसेल, तर प्लास्टर हा हलका इलाज आहे हा समज सोडून दे. पत्रातल्या त्या वाक्यापाशी मी थबकले, कारण महागाचा तो चांगला, हे मी रोज ऐकते. तार टाकली की हाड एक्स-रेत देखणं दिसतं, पण तारेच्या तोंडाशी जंतू शिरू शकतात, तीन-चार आठवडे ती जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवावी लागते, आणि सांधे आखडायचा धोका तिथेही असतोच. अनेक ठिकाणी अशा मोडीला पूर्ण प्लास्टरही घालत नाहीत, करंगळी आणि अनामिका मऊ पट्टीने एकत्र बांधतात आणि लवकर हालचाल सुरू करतात. तेही बेफिकिरीने नव्हे, विचारपूर्वक केलेलं असतं.

मला स्वतःला खरी काळजी असते ती सांधे आखडण्याची. एका गवंड्याचा हात माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. हाड सुतात जुळलेलं होतं. पण सहा आठवडे चारही बोटं सरळ, ताठ ठेवून बांधलेली होती. त्याने माझ्या टेबलावरची थापी उचलायला हात पुढे केला, बोटं दांड्याभोवती अर्धीच वळली आणि थापी निसटून फरशीवर पडली. पुढचे तीन महिने आम्ही दोघं त्या हातावर राबलो.

असं का होतं, हे तुला इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण तू फिटर आहेस. या हाडाचं डोकं गोल नसतं, यंत्रातल्या कॅमसारखं, एका बाजूला फुगीर असतं. बोट सरळ असताना सांध्याच्या दोन्ही बाजूंचे बंध सैल असतात, उंचवट्यापाशी वाकवलं की ते ताणले जातात. सैल असताना आठवडेच्या आठवडे बांधून ठेवले तर ते तसेच आखूड होतात, आणि मग वाकवताना पुरत नाहीत. म्हणून प्लास्टरमध्ये उंचवट्यांचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, बोटं पुढे सरळ आणि मनगट किंचित मागे असा हात ठेवतात. उतरत्या छपरासारखा दिसतो तो. तुझं प्लास्टर बघ. उंचवट्यांपाशी बोटं अगदी सरळ ठेवलेली असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढंच विचार: 'ही अशीच ठेवायची आहेत का, आणि किती दिवस?' जी बोटं मोकळी आहेत ती आजपासून हलव, तासातून काही वेळा, पूर्ण वाकवून पूर्ण सरळ. अंगठाही. कोपर आणि खांदाही, नाहीतर झोळीत राहून तेही धरतात.

झोळीबद्दलही सांगते. हात पोटापाशी लोंबत ठेवून फिरलास की सूज हटत नाही. हाताच्या पाठीवरची कातडी सैल असते, म्हणून पाणी तिथेच साठतं. बसताना हात उशीवर छातीच्या वर ठेव. अंगठी, कडं, मनगटातला दोरा, काही असेल तर काढ, निघत नसेल तर कापून काढ. जगातला पहिला गाजलेला एक्स-रे हाताचाच होता, २२ डिसेंबर १८९५ चा, एक्स-रेचा शोध लावणाऱ्या राँटगेन यांच्या पत्नीच्या हाताचा. त्यातही तळहाताची हाडं दिसतात आणि बोटात अंगठी. तो धडधाकट हात होता. सुजलेल्या बोटात अंगठी राहिली तर ती रक्त अडवते. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, मोकळी बोटं कुणी सरळ केली की कळ सहन होईना, गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट बघू नकोस. त्याच रात्री जा.

आता त्या खरचटण्याकडे येते, आणि हे मी कुठलाही आरोप न करता विचारते. ठोसा कपाटालाच लागला ना? कुणाच्या तोंडावर लागला असेल आणि ती खरचट दाताची असेल, तर हा कागद बाजूला ठेव आणि आत्ता दवाखान्यात जा. मूठ आवळलेली असताना दात कातडीखाली सांध्यापर्यंत पोचतो, बोट सरळ केलं की स्नायूची दोरी त्या भोकावर सरकते आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. वरून टिचभर जखम दिसते, आतून सांधा सडतो. ही जखम आत धुवावी लागते, प्रतिजैविकं लागतात, आणि सहसा लगेच टाके घालून बंद करत नाहीत. कपाटाचीच खरचट असेल तरी ती लाल होतेय का, पू येतोय का, ताप आहे का, हे डॉक्टरांना दाखव. प्लास्टरखाली झाकलेली जखम दिसत नाही, म्हणून ती सांगावी लागते. लोखंडाची आहे, तर धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचार.

आणि म्हणूनच गाडीची गोष्ट मागे घे. गाडीवरून पडणारा माणूस बहुधा तळवा टेकतो, त्याचं मनगट मोडतं. करंगळीची मान अशी मोडली की बहुतेक डॉक्टरांना मूठ आठवतेच. तुझ्या डॉक्टरांनी ओळखलं असेल आणि तुला अवघडायला नको म्हणून गप्प बसले असतील. पण रस्ता अपघात म्हटलं की अनेक रुग्णालयांत पोलिसांकडे नोंद जाते, आणि नसलेल्या अपघाताचे कागद तुझ्याच मागे लागतील. 'राग आला होता, कपाटावर हात मारला' एवढं एक वाक्य पुरे. या एका वाक्यासाठी तुला कुणी दवाखान्यातून हाकलणार नाही.

पैशाचं म्हणशील, तर पगाराच्या पावतीवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात आहे का बघ. असेल तर मोड कामावर झालेली नसली तरी तिथे उपचार मिळतात, आणि नियमात बसत असशील तर आजारपणाच्या सुट्टीचे पैसेही मिळतात. चूक माझी, म्हणून इलाजही मी अर्धाच करून घेणार, असं मात्र मनात धरू नकोस. पत्रात ते कुठे लिहिलेलं नाहीस, पण मला ते ऐकू आलं. हाताला शिक्षा होऊन गेली आहे.

आईचा हाडवैद्याचा आग्रह मी समजू शकते. तिच्या माहितीत त्याने कुणाचा तरी निखळलेला खांदा बसवून दिला असेल, आणि त्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही. पण तुझं हाड आत्ता चिकट, कच्च्या अवस्थेत आहे. तेल लावून चोळलं तर जुळत आलेलं सरकतं, आणि कामट्या घालून घट्ट आवळलं तर रक्तच थांबतं. तिला हेच सांग, आणि सोबत असंही सांग की खाण्याचं मात्र तू म्हणशील ते खाईन. नाचणी, दूध, अंडी, मटकी, घरात चालत असेल तर पायाचा रस्सा, सगळं चांगलं. आंबट बंद करायची गरज नाही. हाड जुळायला क जीवनसत्त्व लागतंच, लिंबू-आवळा जरूर खा. सिगारेट ओढत असशील तर एवढे दोन महिने तरी सोड, तिच्यामुळे हाड उशिरा जुळतं.

कबड्डीला यंदा नाही म्हण. अर्धवट आशा मला ठेवायची नाही, म्हणून सरळ लिहिते. साधारण ३–४ आठवड्यांत हाड दाबल्यावर दुखेनासं होतं, एक्स-रेत ते पूर्ण जुळलेलं दिसायला त्याहून वेळ लागतो. पाचव्या आठवड्यात तुला हात बरा वाटेल, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी गुडघ्याला मिठी मारायला जाशील. पकड, झटापट, जड पाना, हातोडा हे सगळं डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, बहुधा ६ ते ८ आठवड्यांनी. सामन्यांना जा, गुण लिहायला बस.

प्लास्टर निघाल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचे आकार कर: आधी सगळी सरळ, मग नुसती टोकं वाकवून आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येकी दहा. हाड पक्कं झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की कणकेचा गोळा दाबायला घे. बोटं दुसऱ्या कुणाकडून ओढून घेऊ नकोस, जोर तुझा तूच लाव. करंगळीचा उंचवटा कदाचित परत तेवढा वर येणार नाही. मुठीवरचा जुलै थोडा खालीच राहील. माझ्याकडे येणाऱ्या अशा अनेकांची पकड तरीही कामाला पुरेशी परत आली आहे, पण तुझ्या हाताचं नेमकं कळेल ते पीळ आहे की नाही यावरून.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. मोड अंगठ्याच्या बुडाशी असेल तर वरची सवलत विसरा. १८८२ मध्ये डब्लिनच्या बेनेट या सर्जनने तिचं वर्णन केलं, तेव्हापासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती सांध्यात शिरलेली असते, स्नायू हाड ओढत राहतात, आणि बहुतेक वेळा ते तारेने धरावं लागतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात हाताच्या सर्जनला दाखवा. आणि लहान मुलांच्या हाडांत वाढीची कूर्चा असते, ती एक्स-रेत भेगेसारखी दिसते, तर कधी खरी भेग तिच्यात लपते. मुलाचा हात सुजलाय आणि 'काही नाही, मुरगळलंय' असं कुणी म्हणालं, तरी चार दिवसांत उतार नसेल तर पुन्हा दाखवा.

रागाबद्दल मी तुला बोलणार नाही, तुझं तुला कळलंय. फक्त असा हात याआधीही उचलला गेला असेल, भिंतीवर किंवा कुणावर, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आठ दिवस झालेत, म्हणून ही भेट लांबवू नकोस. हाड बसवायचंच ठरलं तर पहिल्या दहा दिवसांत सोपं जातं, तीन आठवड्यांनी जुळलेलं हाड पुन्हा मोडून बसवावं लागू शकतं. पहिल्याच डॉक्टरांकडे जा, ताजा एक्स-रे बाजूनेही काढायला सांग, जुना सोबत ने. आणि आज रात्री आईला फोन करून खरं काय झालं ते सांग. तू गावी जाण्यापेक्षा तिलाच चार दिवस चाकणला बोलावून घे. एका हाताने कणीक मळता येत नाही, आणि दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले हे ऐकायला दोन कान जास्त असतील.